फुकटचा अँटिव्हायरस कुठला टाकू? आधी मशीनमध्ये काय आहे ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका ताईंच्या घरी २०१७ साली घेतलेला डेस्कटॉप आहे, विंडोज १० चा. मुलगी बारावीला, तिच्या नोट्स त्यात. यजमान निवृत्त शिक्षक, पेन्शनचं आणि बँकेचं काम त्याच मशीनवर करतात. ताई घरून शिकवणीचे पेपर टाइप करून देतात. विकतच्या अँटिव्हायरसचं लायसन्स संपलंय आणि रोज सकाळी लाल पाटी येते. दुकानदार म्हणतो, नवीन घ्या. पुण्यातला भाचा म्हणतो, फुकटचा डाउनलोड कर. ताईंचं विचारणं असं, की फुकटचा कुठला घेऊ, आणि तो खरंच पुरतो का?

ताई, मी बावीस वर्षं सांगली-मिरज भागात घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करतोय. उत्तर आधीच देऊन टाकतो. तुम्हाला काहीच डाउनलोड करायचं नाही. संपलेला अँटिव्हायरस पूर्ण काढा, म्हणजे विंडोजचा स्वतःचा डिफेंडर जागा होईल. तो चांगला आहे, फुकट आहे आणि घरासाठी पुरतो. पण तो चालू झाला म्हणजे काम संपलं असं नाही. त्याची दोन-तीन बटणं बंदच असतात, ती तुम्हाला हाताने चालू करावी लागतील. शिवाय तुमच्या विंडोज १० चा एक वेगळा प्रश्न आहे, तो या लाल पाटीपेक्षा मोठा आहे. त्यावरही लिहितो.

डिफेंडरबद्दल अनेक जुन्या दुकानदारांच्या मनात अढी आहे आणि ती अगदी निराधार नाही. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने सिक्युरिटी इसेन्शियल्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर दिलं, ते पुढे चाचण्यांत बरंच मागे पडलं. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, डिफेंडर विंडोजच्या आतच आला, तेव्हाही तो यथातथाच होता. मीसुद्धा त्या काळात गिऱ्हाइकाला सांगायचो की वर दुसरं काहीतरी टाकाच. विंडोज १० आल्यावर चित्र बदललं. जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्हज या दोन प्रयोगशाळा वर्षभर सगळ्या अँटिव्हायरसना खऱ्या व्हायरसांसमोर उभं करून तपासतात. गेली काही वर्षं त्यांच्या चाचण्यांत डिफेंडर विकतच्यांच्या रांगेत बसतो. मी माझं मत बदललं ते हे निकाल आणि माझ्याकडे येणारी मशीन, दोन्ही बघून.

आता करायचं काय ते. स्टार्टमध्ये ‘ॲप्स अँड फीचर्स’ उघडा आणि जुना अँटिव्हायरस अनइन्स्टॉल करा. बऱ्याचदा तो अर्धाच निघतो, मागे तुकडे राहतात, आणि विंडोजला वाटतं की अजून दुसरा पहारेकरी आहे. मग डिफेंडर बाजूलाच बसून राहतो. म्हणून बहुतेक कंपन्या आपापलं वेगळं ‘रिमूव्हल टूल’ देतात. ते त्या कंपनीच्याच साइटवरून घ्या, चालवा आणि मशीन रिस्टार्ट करा. दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवले तर डबल सुरक्षा मिळते असं काहीजण समजतात. तसं होत नाही. दोघं एकमेकांच्या फाइलींवर झडप घालतात आणि मशीन हँग होतं.

मग स्टार्टमध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ शोधा. ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’ वर हिरवी खूण हवी आणि ‘रिअल-टाइम प्रोटेक्शन’ चालू हवं. खाली ‘टँपर प्रोटेक्शन’ दिसेल, तेही चालू ठेवा. त्यामुळे एखादं घुसखोर सॉफ्टवेअर डिफेंडरला गुपचूप बंद करू शकत नाही. पहारा खरंच चालू आहे का याची खात्री करायची असेल तर आयकार नावाची चाचणी-फाइल मिळते. तिच्यात फक्त ६८ अक्षरं असतात, ती काहीही बिघडवत नाही, पण सगळ्या अँटिव्हायरसनी ती व्हायरस समजून पकडायची असं ठरलेलं आहे. ती डाउनलोड करताच डिफेंडरने आरडाओरडा केला तर समजायचं की पहारा चालू आहे.

आता बंद असणारी बटणं. ‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’ मध्ये ‘रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन’ आहे. तिथे नको असलेली ॲप अडवण्याचं बटण असतं, ते बंद असेल तर चालू करा. फुकटच्या पीडीएफ कन्व्हर्टरबरोबर जे टूलबार, ‘ड्रायव्हर अपडेटर’ आणि ‘पीसी क्लीनर’ येऊन बसतात, ते यात अडकतात. हे कायद्याने व्हायरस नसतात, पण मी ज्या मशीनांना हात लावतो त्यांतली निम्मी कटकट यांचीच असते.

दुसरं बटण जास्त महत्त्वाचं. त्याचं नाव ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’, ते रॅन्समवेअर प्रोटेक्शनच्या आत मिळेल. रॅन्समवेअर म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस. ते चालू केलं की अनोळखी प्रोग्रामला तुमच्या ‘डॉक्युमेंट्स’, ‘पिक्चर्स’, ‘व्हिडिओज’ अशा फोल्डरांतल्या फाइली बदलता येत नाहीत. मात्र एक गोष्ट इथे आपल्याकडे हमखास चुकते. दुकानदार हार्ड डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग करून देतो आणि आपण सगळं कामाचं डी मध्ये ठेवतो. ‘विंडोज उडालं तरी डी वाचतं’ हा आपला जुना अनुभव. पण या बटणाला डी ची काहीच माहिती नसते. ‘प्रोटेक्टेड फोल्डर्स’ मध्ये जाऊन डी मधले तुमचे फोल्डर एकेक करून जोडा, नाहीतर चालू करूनही उपयोग नाही. सुरुवातीला तुमच्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरलाही ते अडवेल आणि पेपर सेव्हच होणार नाही. घाबरू नका. तिथेच ‘अलाउ ॲन ॲप’ आहे, त्यात त्या सॉफ्टवेअरला परवानगी द्या. वैतागून आख्खं बटण बंद करणारे मी पुष्कळ पाहिलेत.

हे बटण माझ्या इतकं डोक्यात का बसलंय ते सांगतो. २०२० च्या आसपास इथल्याच एका गृहस्थांचा फोन आला. घरात बसून लग्नपत्रिका आणि फ्लेक्सची डिझाइनं करायचे. ‘सगळ्या फाइलींची नावं बदललीत, एकही उघडत नाही.’ गेलो. प्रत्येक फोटोच्या, प्रत्येक डिझाइनच्या नावामागे चार अक्षरांचं एक शेपूट चिकटलेलं आणि प्रत्येक फोल्डरमध्ये ‘रीडमी’ नावाची एकच चिठ्ठी. ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केलात तर निम्मे, ४९०. हे रॅन्समवेअर त्या वेळी जगभर घरगुती मशीनवर फिरत होतं, स्टॉप किंवा डीजेव्हीयू म्हणतात त्याला. ते पसरायचं मुख्यतः क्रॅक केलेल्या, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडून फुकट वाटलेल्या सॉफ्टवेअरमधून. या गृहस्थांनी आदल्या रात्री एक व्हिडिओ बघून एक महागडं डिझाइनचं सॉफ्टवेअर क्रॅक करून टाकलं होतं. त्या व्हिडिओत पहिलीच सूचना होती की आधी अँटिव्हायरस बंद करा. त्यांनी तो स्वतःच्या हाताने बंद केला होता.

बॅकअप आहे का, विचारलं. होता, एक टीबीची बाहेरची डिस्क. पण ती मशीनला कायम लावलेली, त्यामुळे तिच्यातल्या फाइलींनाही तेच शेपूट. एम्सिसॉफ्ट कंपनीने २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये या रॅन्समवेअरच्या १४८ प्रकारांसाठी फुकट सोडवणूक-साधन काढलं होतं. ते चालवून बघितलं, पण यांचा प्रकार त्यानंतरचा निघाला. किल्ली हल्लेखोराच्या सर्व्हरवर, हातात काही येईना. तो व्हायरस प्रत्येक फाइलीचा सुरुवातीचा थोडासाच भाग कुलूपबंद करतो, म्हणून त्यांच्या मुलीच्या बारशाचे दोन मोठे व्हिडिओ मला बरेचसे परत काढता आले. डिझाइनांपैकी वाचली ती फक्त ऑफसेट प्रेसला दिलेल्या पेन ड्राइव्हमधली. नऊ वर्षांचं काम गेलं. वहिनी दारात उभ्या राहून मला पुन्हा पुन्हा एकच विचारत होत्या, ‘भाऊ, पैसे भरले तर मिळेल का हो?’ मी भरू नका म्हणालो, आजही तेच सांगेन, पण ते सांगताना जीभ जड झाली होती.

म्हणून दोन गोष्टी कुठल्याही अँटिव्हायरसच्या नावापेक्षा आधी येतात. क्रॅक टाकायचं नाही. ‘विंडोज ॲक्टिव्हेट करून देतो’ म्हणणारी छोटी साधनं, फुकट केलेले फाँट, गेम, सगळं यात आलं. जे सॉफ्टवेअर आत येण्यासाठी पहारेकऱ्याला झोपवायला सांगतं, ते आत येऊन काय करणार हे वेगळं विचारायला नको. आणि बॅकअपची डिस्क कॉपी झाली की काढायची आणि कपाटात ठेवायची. असा हल्ला कुणावर झालाच असेल तर ‘नो मोअर रॅन्सम’ ही साइट बघा. २०१६ मध्ये डच पोलिस, युरोपोल आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी ती सुरू केली. काही रॅन्समवेअरच्या किल्ल्या तिथे फुकट मिळतात. आज नसल्या तरी पुढे येऊ शकतात, म्हणून बिघडलेल्या फाइली डिलीट करू नका, एका बाजूला ठेवा.

आता तुमच्या भाच्याच्या सूचनेकडे येतो. फुकटचे चांगले अँटिव्हायरस आहेत, नाही असं नाही. बिटडिफेंडरची फुकट आवृत्ती पकडण्याच्या बाबतीत उत्तम आहे. अव्हास्ट, एव्हीजी, अविरा हेही चाचण्यांत वाईट नाहीत. माझा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. अँटिव्हायरसला तुमच्या मशीनमधलं सगळं दिसतं: प्रत्येक फाइल, प्रत्येक साइट. त्या कंपनीचा पगार कोण देतं हा प्रश्न इथे विचारलाच पाहिजे. अव्हास्टची जंपशॉट नावाची एक उपकंपनी होती. अव्हास्ट वापरणारे कोणत्या साइटवर जातात याची माहिती ती विकत होती. २०२० च्या जानेवारीत हे पत्रकारांनी उघड केलं, तेव्हा कंपनीने जंपशॉट बंद केली. २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. अव्हास्टने एव्हीजी २०१६ मध्येच घेतली होती, आणि आज अव्हास्ट, एव्हीजी, अविरा, नॉर्टन ही चारही नावं जेन डिजिटल या एकाच कंपनीच्या छताखाली आहेत. नाव बदलून बघितलं तरी घर तेच, हे लक्षात असू द्या. दुसरा त्रास साधा आहे. फुकट आवृत्ती दिवसातून चारदा विचारते, ‘तुमच्या मशीनमध्ये २७ अडचणी, सोडवण्यासाठी पैसे भरा.’ यजमानांसारखा माणूस त्याने घाबरतो. हळूहळू अशी सवय लागते की खरी सूचना आली तरी बंद करून टाकायची.

मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती मात्र मी स्वतः वापरतो. चाचणी-मुदत संपली की ती सतत पहारा देत नाही, सांगितलं तेव्हाच तपासते. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावं तशी ती वापरायची. मशीन विचित्र वागत असेल तेव्हा चालवा, एरवी गरज नाही. एकाच फाइलीचा संशय असेल तर व्हायरसटोटल ही साइट आहे. फाइल तिथे टाकली की सत्तरच्या आसपास अँटिव्हायरस आपापलं मत देतात. पण तिथे टाकलेली फाइल इतर संशोधकांनाही मिळू शकते, म्हणून आधार कार्ड, पासबुक, पेन्शनचे कागद तिथे कधीच टाकू नका.

आपल्या सरकारचंही एक फुकट ठिकाण आहे आणि ते फार कमी लोकांना माहीत आहे. सायबर स्वच्छता केंद्र, २०१७ मध्ये सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने सुरू केलं. तिथे बॉट, म्हणजे मशीन गुपचूप दुसऱ्याच्या ताब्यात देणारे व्हायरस, काढून टाकणारी साधनं फुकट मिळतात, त्यात आपल्या पुण्याच्या क्विक हीलचंही आहे. कुठला पेन ड्राइव्ह मशीनला लावू द्यायचा हे ठरवणारं सी-डॅकचं ‘यूएसबी प्रतिरोध’ हे साधनही तिथेच मिळतं.

पेन ड्राइव्हवरून आठवलं. तुम्ही शिकवणीचे पेपर प्रिंट करायला झेरॉक्सच्या दुकानात नेत असाल. परत आल्यावर पेन ड्राइव्हमध्ये फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसतात, हा प्रकार अजून संपलेला नाही. त्या शॉर्टकटवर क्लिक करू नका आणि फॉर्मॅटही मारू नका. तुमच्या फाइली बहुतेक वेळा तिथेच असतात, फक्त लपवलेल्या. आधी डिफेंडरने पेन ड्राइव्ह स्कॅन करा, मग फोल्डर ऑप्शन्समध्ये लपवलेल्या आणि सिस्टिमच्या फाइली दाखवायला सांगा. त्या दिसल्या की कॉपी करून घ्या, त्यानंतर खुशाल फॉर्मॅट करा. आणखी सोपं म्हणजे पेपर पीडीएफ करून दुकानाला ईमेलने पाठवायचे.

आता विंडोज १० चं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने त्याचे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबवले. डिफेंडरची व्हायरस-ओळख यादी ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहील, पण ती यादी म्हणजे फक्त पहारेकऱ्याची डायरी. भिंतीतलं भगदाड बुजवतात ते विंडोजचे अपडेट. २०१७ चं वॉनाक्राय हे रॅन्समवेअर आठवतं ना? १२ मे रोजी ते सुटलं आणि दीडशेवर देशांत पसरलं. त्या भगदाडावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेला होता, जवळजवळ दोन महिने आधी. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला आलेल्या नॉटपेट्या या व्हायरसनेही तेच भगदाड वापरलं, आणि त्याने आपल्या न्हावा-शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प केलं होतं.

तुमचं मशीन २०१७ चं, म्हणजे बहुधा इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर. विंडोज ११ आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालतं, तेव्हा ते रीतसर बसणार नाही. कुणी जुगाड करून टाकून देतो म्हणाला तर बँकेच्या कामाच्या मशीनवर ते करू नका. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव अपडेट ठेवले आहेत, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज अपडेटच्या पानावर नावनोंदणीची लिंक दिसते. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर त्याला पैसे पडत नाहीत. ही नोंदणी अँटिव्हायरसच्याही आधी करा. त्यानंतर मात्र नवीन मशीनचा किंवा विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकटच्या लिनक्स मिंटचा विचार करावा लागेल. मिंट जुन्या मशीनवर छान पळतं, युनिकोड मराठीही नीट चालतं. पण तुमचे पेपर जुन्या फाँटच्या सॉफ्टवेअरमध्ये असतील तर ते तिथे तसेच उघडणार नाहीत.

दुकानदार फसवतोय असं मी म्हणणार नाही. विकतच्या अँटिव्हायरसबरोबर मराठीत बोलणारा माणूस फोनवर मिळत असेल आणि घरात कुणालाच सेटिंगला हात लावायचा नसेल, तर त्या मदतीचे पैसे देणं ठीक आहे. फक्त ते पैसे मदतीचे आहेत हे माहीत असावं. आणि मशीन स्लो आहे म्हणून अँटिव्हायरस बदलत असाल तर थांबा. २०१७ च्या मशीनमध्ये फिरती हार्ड डिस्क असेल, तिच्या जागी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवा. फरक तिथे पडेल.

एक प्रसंग मात्र यजमानांना वाचून दाखवा. गेल्या पावसाळ्यात एका निवृत्त काकांनी मला घाईघाईने बोलावलं. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात दर दोन मिनिटांनी पाटी: ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस, लगेच क्लिक करा’, शेजारी एका नामांकित अँटिव्हायरसचं चित्र. त्यांनी दोन अँटिव्हायरस टाकून झाले होते, तिसरा डाउनलोड होत होता. मशीनमध्ये व्हायरस एकही नव्हता. पंचांग बघायला ते एका साइटवर गेले होते, तिने ‘नोटिफिकेशन दाखवू का’ असं विचारलं, काकांनी ‘अलाउ’ दाबलं, एवढंच. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘नोटिफिकेशन्स’ उघडलं, परवानगी दिलेल्या अकरा साइट होत्या, सगळ्या काढल्या. पाट्या थांबल्या. काका खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, ‘मी तर एफडी मोडायला निघालो होतो.’ त्या पाटीवर क्लिक करून पुढे दिलेल्या नंबरवर फोन केला असता तर समोरच्याने एनीडेस्कसारखं, लांबून तुमचं मशीन चालवू देणारं सॉफ्टवेअर घ्यायला लावलं असतं. एनीडेस्क स्वतः व्हायरस नाही, त्यामुळे अँटिव्हायरस सहसा ते अडवतही नाही. माणूस स्वतःच दार उघडून देतो. मायक्रोसॉफ्ट किंवा बँक स्क्रीनवर फोन नंबर दाखवून कधीच बोलावत नाही. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा. उशीर झाला की पैसे पुढच्या पुढच्या खात्यात सरकतात आणि गोठवता येत नाहीत.

त्या वाढीव अपडेटच्या नोंदणीची लिंक दिसली नाही तर स्टार्टमध्ये ‘विनव्हर’ (winver) टाइप करून एंटर दाबा. तिथे २२एच२ (22H2) लिहिलेलं हवं. जुना आकडा असेल तर आधी तो अपडेट होऊ द्या. फिरत्या डिस्कवर त्याला दोन-तीन तास लागतात, तेव्हा लाइट जाण्याचा वार सोडून दुसरा दिवस धरा, आणि सुरू करण्याआधी मुलीच्या नोट्स पेन ड्राइव्हवर काढून घ्या.